ग्लॅडिएटरचा प्रकार बघू नका, जोड बघा

प्रश्न तीन भागांत आला आहे. प्राचीन रोमच्या आखाड्यात लढणाऱ्या ग्लॅडिएटरांचे एकूण प्रकार किती? त्यांत सगळ्यात भारी कोण? आणि उघड्या डोक्याच्या जाळंवाल्याला ढाल-शिरस्त्राणवाल्यासमोर सोडणं हा सरळसरळ अन्याय नव्हता का?

मी कुठून बोलतोय ते आधी सांगतो. लहानपणी कोल्हापुरात तालमीत लाठी आणि पट्टा शिकलो. गेली अठरा वर्षं जर्मनीत आहे आणि सुट्टीच्या दिवशी एका हौशी गटाबरोबर रोमन आखाड्यातल्या शस्त्रांच्या प्रतिकृती घेऊन लढतो. पात्यांना धार नसते, वजन मात्र खरं असतं. त्यामुळे पुढचं बरंचसं वाचलेलं असलं तरी काही गोष्टी घामाने कळलेल्या आहेत.

प्रकार मोजायला बसलात तर वीसेक नावं सापडतील, पण त्यातून हाती काही लागणार नाही. कुस्तीच्या फडात ‘जोड’ लावतात ना, तसं हे आहे. रोममध्ये रुळलेला कुठलाच प्रकार एकेकटा नव्हता. एकाच्या अंगावर जे आहे ते समोरच्याच्या हातात काय आहे, यावरून ठरलेलं असतं. म्हणून थ्रेक्स हा वाकड्या तलवारीचा प्रकार घेतलात, तर ‘थ्रेक्स कसा होता?’ असं विचारण्यापेक्षा ‘थ्रेक्ससमोर कोण उभा होता?’ असं विचारा. निम्मं उत्तर तिथेच मिळतं.

सुरुवातीला मात्र असं काही नव्हतं. रोममधली पहिली नोंदलेली लढत इ.स.पू. २६४ ची, गुरांच्या बाजारात, ब्रूटस पेरा नावाच्या एका बड्या गृहस्थाच्या अंत्यविधीनिमित्त. त्याच्या मुलांनी तीन जोड्या लढवल्या. मृताप्रति असलेलं देणं फेडायचं, म्हणून या खेळांना ‘मुनुस’, म्हणजे कर्तव्य, हा शब्द. तेव्हाचे आणि पुढच्या शतकांतले बरेच लढवय्ये युद्धकैदी, आणि ते आपापल्या मुलखाची हत्यारं घेऊनच उतरायचे: दक्षिण इटलीतले सॅम्नाइट, आजच्या फ्रान्सकडचे गॉल, आजच्या बल्गेरियाकडच्या थ्रेसचे लोक. हरलेल्या शत्रूचा वेश चढवून त्याला आखाड्यात उतरवायचं, यात जिंकणाऱ्याची मस्ती होतीच. पण पुढे सॅम्नाइट लोक रोमचे नागरिक झाले. शेजारी बसलेल्या माणसाच्या जातभाईला आखाड्यात ‘सॅम्नाइट’ म्हणून मारायचं हे बरं दिसेना. पहिला बादशहा ऑगस्टस याच्या काळापर्यंत ते नाव मागे पडलं, गॉलचंही तेच झालं, आणि त्यांच्या जागी मुर्मिलो, सेक्युटर अशी कुठल्याच मुलखाची नसलेली नावं आली. थ्रेक्स तेवढा टिकला. पण पहिल्या शतकात थ्रेक्स म्हणून लढणारा माणूस थ्रेसचा असण्याची काही गरज नव्हती. ते आता एका डावाचं नाव झालं होतं.

आता सगळ्या जोडींमागचं गणित. ग्लॅडिएटरची छाती उघडी असते आणि हातपाय झाकलेले असतात. सैनिकाच्या नेमकं उलट! लोकांना वाटतं, रक्त दिसावं म्हणून. ते थोडंफार खरं असेलही. पण हाताला किंवा पायाला एक ओरखडा बसला की लढत तिथेच बिघडते, माणूस लंगडतो, हत्यार सुटतं, आणि प्रेक्षकांच्या पदरात काहीच पडत नाही. म्हणून किरकोळ जखमांपासून संरक्षण भरपूर द्यायचं, आणि खरा धोका असलेली छाती उघडी ठेवून तिचं रक्षण ढालीवर आणि कौशल्यावर सोडायचं. हत्यार धरलेला उजवा हात ढालीच्या बाहेर येतो, म्हणून त्यावर ‘मानिका’, म्हणजे जाड कापडाचं किंवा धातूच्या पट्ट्यांचं बाहीसारखं आवरण. नडगीवर पितळी कवच. ते किती उंच असावं हे ढालीवर अवलंबून. ढालीची खालची कड जिथे संपते तिथे नडगीचं कवच सुरू व्हायला हवं. ढाल मोठी असेल तर कवच आखूड आणि फक्त पुढच्या, डाव्या पायाला. ढाल लहान असेल तर दोन्ही पायांना, थेट मांडीपर्यंत. एवढं लक्षात ठेवलंत तर कुठल्याही संग्रहालयातल्या दगडावरचा माणूस कोण आहे ते बहुतेक वेळा स्वतः ओळखाल.

सगळ्यात लोकप्रिय जोड मुर्मिलो आणि थ्रेक्स यांची. मुर्मिलोकडे सैनिकासारखी मोठी, बाक असलेली आयताकृती ढाल, हातात सरळ आखूड तलवार, डोक्यावर रुंद काठाचं आणि उंच तुऱ्याचं शिरस्त्राण, डाव्या पायाला आखूड कवच. नाव बहुधा एका माशावरून आलंय. थ्रेक्सकडे छोटी चौकोनी ढाल, पायांना लांब कवचं, शिरस्त्राणाच्या टोकाला ग्रिफिनचं, म्हणजे गरुडाच्या तोंडाच्या काल्पनिक सिंहाचं, डोकं, आणि हातात ‘सिका’, म्हणजे मधूनच वाकवलेलं पातं. ग्रिफिन हा नेमेसिस या सूड-न्यायाच्या देवीचा प्राणी, आणि आखाड्याशेजारी या देवीची देवळं असत.

ती वाकडी तलवार पहिल्यांदा हातात घेतली तेव्हा मला ती शोभेची वाटली होती. सरळ भोसकायला ती निरुपयोगी. मग आमच्यातल्या एकाने मोठी ढाल घेऊन माझ्यासमोर भिंत उभी केली, आणि तेव्हा उजेड पडला. सिकाचं टोक ढालीच्या कडेवरून आत वळतं. ढाल समोर असली तरी टोक खांद्यामागे, बगलेत, बरगडीच्या बाजूला पोचतं. म्हणजे हे हत्यार माणसाविरुद्ध बनलेलं नाही, मोठ्या ढालीविरुद्ध बनलेलं आहे. उलट मुर्मिलोचा सगळा खेळ अंगावर जाण्यात. ढाल पुढे रेटायची, अंतर खायचं, समोरच्याला मागे ढकलत नेऊन वाकड्या पात्याला फिरायला जागाच ठेवायची नाही. एक जण गोल फिरतो, दुसरा सरळ चालत येतो.

प्रेक्षकांतही यावरून दोन तट होते. मोठ्या ढालवाल्यांचे पाठीराखे ते स्कुतारी, छोट्या ढालवाल्यांचे ते पार्मुलारी. बादशहा टायटस थ्रेक्सवाल्यांचा. कॅलिगुलाही थ्रेक्सवाल्यांचाच, आणि त्याने मुर्मिलोंचं संरक्षण कमी करून टाकलं. कोलंबस नावाचा एक मुर्मिलो जिंकला, किरकोळ जखम झाली, तर कॅलिगुलाने त्या जखमेत विष घालवलं असं रोमन चरित्रकार सुएटोनियस लिहितो. डोमिशियन दुसऱ्या तटाचा. प्रेक्षकांतला एक जण म्हणाला, थ्रेक्स मुर्मिलोला भारी पडेल, पण खेळ भरवणाऱ्याला नाही. म्हणजे बादशहा पक्षपाती आहे. त्या माणसाला जागेवरून ओढून आखाड्यात कुत्र्यांसमोर टाकलं, गळ्यात पाटी: पार्मुलारी, तोंड सांभाळून बोलला नाही.

ही जोड प्रत्यक्ष बघायची असेल तर ज्वालामुखीखाली गाडल्या गेलेल्या पॉम्पेई या रोमन शहरात २०१९ मध्ये सापडलेलं भित्तिचित्र शोधा. डावीकडे जिंकलेला मुर्मिलो ढाल उंचावून उभा, उजवीकडे थ्रेक्स रक्तबंबाळ, ढाल खाली पडलेली. त्याच पॉम्पेईत सेलादुस नावाच्या थ्रेक्सबद्दल भिंतीवर खरडलेलं आहे की पोरी त्याच्यासाठी उसासे टाकतात.

होप्लोमाकस हा थ्रेक्सचा चुलतभाऊ म्हणा. पायांची कवचं तशीच, पण ढाल लहान, गोल, पितळेची, हातात भाला आणि ढालीच्या मागे धरलेली कट्यार. ग्रीक योद्ध्याची आठवण म्हणून हा वेश. तोही बहुतेकदा मुर्मिलोशीच लढायचा. भाल्याने मोठ्या ढालवाल्याला दूर ठेवायचं हा त्याचा सगळा हिशोब. भाला गेला की तो अडचणीत.

आता जाळंवाला. खरा प्रश्न याचाच होता.

रेटिआरियसकडे जाळं, त्रिशूळ आणि कट्यार. शिरस्त्राण नाही, ढाल नाही, पायाला कवच नाही. मानिका आहे, पण डाव्या हाताला, इतरांच्या उलट. कारण ढाल नसल्यामुळे पुढे येणारा डावा हातच त्याची ढाल. त्या खांद्यावर ‘गालेरुस’ नावाचा पितळी पत्रा, खांद्याच्या वर बारा-तेरा सेंटिमीटर उभा राहणारा. हनुवटी डावीकडे वळवून त्याच्यामागे लपवली की अर्धा चेहरा झाकला जातो. असे पत्रे पॉम्पेईच्या ग्लॅडिएटर बराकीत १७६६-६७ च्या उत्खननात शिरस्त्राणांबरोबर सापडले. तिथला बराचसा ऐवज आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे.

त्याच्यासमोरचा सेक्युटर, म्हणजे पाठलाग करणारा. हा मुळात मुर्मिलोच, पण शिरस्त्राण बदललेला. मुर्मिलोच्या रुंद काठात आणि तुऱ्यात जाळं लगेच अडकेल. म्हणून सेक्युटरचं शिरस्त्राण अंड्यासारखं गुळगुळीत, काठ नाही, तुरा म्हणजे माशाच्या पंखासारखी एक बुटकी पट्टी. जाळं पडलं तर घसरून जावं. इतरांच्या शिरस्त्राणाला पुढे जाळी असते. त्रिशुळाचं टोक तिच्यातून घुसेल, म्हणून इथे डोळ्यांपुरती दोन गोल भोकं, साधारण तीन सेंटिमीटर व्यासाची. समोरून बघाल तर माशाचं तोंड. एक मासा, एक कोळी.

आता अन्याय नेमका कुणावर, ते ते शिरस्त्राण घातल्यावर कळतं. मी ते पहिल्यांदा घातलं तेव्हा तिसऱ्या मिनिटाला मला स्वतःच्या श्वासाशिवाय काही ऐकू येईना. पाय दिसत नाहीत. बाजूला गेलेला माणूस नाहीसाच होतो, त्याला शोधायला सगळं डोकं वळवावं लागतं. सोडलेली गरम हवा परत नाकात येते. ग्लॅडिएटर शिरस्त्राणांचं वजन सरासरी चार किलोच्या आसपास, सैनिकाच्या जवळजवळ दुप्पट. युंकेलमान या जर्मन इतिहासकाराने प्रतिकृती करून काढलेल्या अंदाजानुसार सेक्युटर, मुर्मिलो किंवा थ्रेक्सच्या अंगावर पंधरा ते अठरा किलो. रेटिआरियसच्या अंगावर सात-आठ. त्यामुळे घड्याळ जाळंवाल्याच्या बाजूचं. त्याने फक्त पळायचं, टोचायचं, पुन्हा पळायचं, आणि समोरच्याचा दम संपायची वाट बघायची. सेक्युटरला लवकरात लवकर अंतर तोडून त्याच्या अंगाला भिडावं लागतं. एकदा का ढाल त्रिशुळाच्या टोकांच्या आत शिरली की उघड्या माणसाकडे कट्यारीशिवाय काही उरत नाही.

जाळ्याबद्दल मात्र कुणी फार रोमँटिक होऊ नये. उजव्या हाताने फेकायचं, त्या वेळी त्रिशूळ आणि कट्यार दोन्ही डाव्या हातात. मग त्रिशूळ दोन्ही हातांत घ्यायचा. आमच्यात दहा वेळा फेकलं तर दोनदा धड पडतं, तेही समोरचा हलत नसेल तर. मनगटाला दोरी बांधलेली, नेम चुकला तर ओढून घेता येतं. पण सेक्युटरने जाळ्यावर पाय ठेवला की तीच दोरी तुमच्या गळ्याशी येते, आणि कट्यारीने ती कापावी लागते. माझा अनुभव असा की जाळ्याचा खरा उपयोग खालून, पायांत, फटकारण्यासाठी आणि तोंडासमोर झटकून डोळ्यांची ती दोन भोकं क्षणभर बुजवण्यासाठी.

आणि जाळं अचूक पडलं तरी लढत संपत नाही, याचा पुरावा माद्रिदच्या पुरातत्त्व संग्रहालयातल्या मोझेइकमध्ये आहे. खालच्या चित्रात कालेंदियो या रेटिआरियसने अस्त्यानाक्स या सेक्युटरवर जाळं बरोब्बर टाकलेलं आहे. वरच्या चित्रात जमिनीवर जखमी पडलेला आहे तो कालेंदियो. अस्त्यानाक्सच्या नावापुढे ‘जिंकला’, आणि कालेंदियोच्या नावापुढे आडवी रेघ मारलेलं शून्य. मेला, असा त्याचा अर्थ.

रेटिआरियसचं खरं दुर्दैव वेगळंच. त्याचा चेहरा दिसायचा. क्लॉडियस बादशहा पडलेल्या लढवय्यांचे, विशेषतः रेटिआरियसांचे, गळे कापायला लावायचा. मरताना त्यांची तोंडं बघायला. आणि ग्राकुस नावाचा एक खानदानी माणूस उघड्या तोंडाने रेटिआरियस म्हणून उतरला, सगळ्यांनी ओळखला, तेव्हा त्याच्याशी लढावं लागणाऱ्या सेक्युटरलाच कुठल्याही जखमेपेक्षा जास्त लाज वाटली असं कवी ज्युवेनाल लिहितो. शिरस्त्राणामागे माणूस एक प्रकार असतो. रेटिआरियस सगळ्यांसमोर माणूसच राहतो. म्हणूनच की काय, तो या उतरंडीत खालचा मानला जायचा.

याच जोडीचा आणखी एक खेळ होता: रेटिआरियसला लाकडी मंचावर चढवायचं, शेजारी दगडांचा ढीग, आणि दोन बाजूंच्या उतरणींवरून दोन सेक्युटर वर चढून येणार. एकास दोन, पण उंची त्याची. इथेही तोच हिशोब.

बाकीचे झपाट्याने. प्रोवोकातोर स्वतःच्याच प्रकाराशी लढायचा, आणि छातीवर छोटा पत्रा लावणारा हाच काय तो एक. एक्वेस घोडेस्वार, तेही आपसांत, भाल्याने सुरुवात करून शेवटी पायउतार होऊन तलवारीने. अंगात अंगरखा, आणि बहुधा दिवसाची पहिली जोड त्यांची. तुर्कस्तानातल्या बोडरुममध्ये सापडलेल्या आणि आता ब्रिटिश म्युझियममध्ये असलेल्या एका दगडावर अॅमेझॉन आणि अकिलिया अशा दोन स्त्रिया प्रोवोकातोरसारख्या साजात समोरासमोर आहेत. दोघींनाही सोडून दिलं, असं खाली कोरलेलं आहे. कुस्तीच्या भाषेत बरोबरीत सुटलेली. एसेदारियस रथवाला. दिमाकेरस दोन हातांत दोन तलवारी घेणारा. एक जण हातात कोपरापर्यंत धातूची नळी आणि तिच्या टोकाला अर्धचंद्र पातं घेऊन यायचा. ते पातं जाळं फाडायलाच केलेलं दिसतं. पेग्नियारियस म्हणजे चाबूक-काठ्यांची लुटुपुटूची लढाई करणारे, मधल्या वेळेत हसवायला. जनावरांशी लढणारे वेनातोर वेगळे. त्यांची तालीमही वेगळी, रोममध्ये लुदुस मातुतिनुस नावाची, कारण त्यांचा खेळ सकाळचा. दुपारी गुन्हेगारांना मृत्युदंड, आणि ग्लॅडिएटर त्यानंतर. सिंहासमोर टाकलेला कैदी हा ग्लॅडिएटर नव्हे, हा गोंधळ सिनेमाने पक्का केला आहे.

तालीम म्हटलं की मला घरचंच वाटतं. प्रत्येक प्रकाराला स्वतंत्र वस्ताद असे, थ्रेक्सांचा वेगळा, मुर्मिलोंचा वेगळा. सराव लाकडी हत्यारांनी, जमिनीत रोवलेल्या खांबावर. त्या खांबाला ‘पालुस’ म्हणत, आणि पहिल्या दर्जाचा गडी तो ‘पहिला पालुस’. जेवण सातू-कडधान्याचं. ‘सातू खाणारे’ असं त्यांना चिडवत.  तुर्कस्तानातल्या इफेसस या प्राचीन शहराजवळ १९९३ मध्ये ग्लॅडिएटरांची दफनभूमी सापडली. तिथल्या हाडांच्या तपासणीतही प्रामुख्याने शाकाहारच दिसतो. त्याच हाडांवर त्रिशुळाचे घावही दिसतात.

‘सगळ्यात भारी कोण’ याचं उत्तर आता लक्षात आलं असेल. जोड अशी जुळवायची की आधी सांगताच येऊ नये. आणि मरायचे किती? पहिल्या शतकापुरता इतिहासकारांचा अंदाज असा की साधारण पाच लढतींत एक मृत्यू. ग्लॅडिएटर महाग पडायचा. गायुस या कायदेपंडिताने एका कराराचं उदाहरण दिलंय: गडी धडधाकट परत आला तर त्याच्या घामाचे २० दिनार, मेला किंवा अपंग झाला तर १,००० दिनार. पहिल्या वेळी भाडं, दुसऱ्या वेळी विक्री. पन्नास पट खर्च कोण उगाच करील? सिसिलीत फ्लामा नावाच्या एका सिरियन सेक्युटरची समाधी आहे. वय ३०, लढती ३४, जिंकला २१, बरोबरी ९, आणि चार वेळा हरूनही जीवदान.

लढतीला पंचही असत. मुख्य पंच ‘सुम्मा रुदिस’, हातात लांब काठी, सोबत मदतनीस. कुणी पडला, पट्टा सुटला, तर थांबवायचं, उभं करायचं, पुन्हा लावायचं.

आणि ज्या अन्यायाची तक्रार खुद्द एका ग्लॅडिएटरच्या समाधीवर कोरलेली आहे ती या मुख्य पंचाबद्दलच. दियोदोरस नावाचा गडी, तुर्कस्तानातल्या आजच्या सामसुनचा. दगड आता ब्रसेल्समध्ये आहे. चित्रात तो दोन तलवारी घेऊन उभा आहे आणि त्याचा प्रतिस्पर्धी देमेत्रियस जमिनीवर बसून शरण येतोय. खालचा मजकूर असा की मी देमेत्रियसला पाडलं, पण लगेच मारलं नाही. मला मारलं ते नशिबाने आणि सुम्मा रुदिसच्या कपटाने. काही अभ्यासकांच्या मते पंचाने ते पडणं पाय घसरल्याचं धरलं आणि देमेत्रियसला उठून हत्यार घ्यायला लावलं. ढाल लहान होती, शिरस्त्राण जड होतं, जोड विषम होती, यातलं काहीही त्या दगडावर नाही.